शंखजिऱ्याची कैफियत

जर्मन खनिजशास्त्रज्ञ फ्रीड्रिख मोस याने १८१२ साली दहा खनिजांची जी श्रेणी लावून दिली, आणि जी आजतागायत पाठ्यपुस्तकांतून विनातक्रार चालत आली आहे, तिच्या माथ्यावर हिरा आहे आणि अगदी तळाशी, पहिल्या क्रमांकावर, शंखजिरे आहे. मोसची कसोटी मोठी साधी होती: जे खनिज दुसऱ्यावर ओरखडा उठविते ते कठीण आणि ज्याच्यावर उठतो ते मृदू, त्यात मोजमाप नाही, एकक नाही, कोण कोणावर मात करतो एवढाच काय तो निवाडा. या निवाड्यात शंखजिरे सर्वांकडून हरते. जिप्सम त्याच्यावर रेघ ओढते, कॅल्साइट ओढते, आणि खनिजांची गोष्ट कशाला, माणसाच्या नखापुढेही त्याचा टिकाव लागत नाही. सिंधुसंस्कृतीच्या कारागिरांनी मुद्रा कोरण्यासाठी याच जातीचा दगड निवडला तो त्याच्या या मार्दवामुळेच. आणि कोरून झालेली मुद्रा भट्टीत भाजली म्हणजे तिला काठिण्य येते, हेही त्यांना पक्के ठाऊक होते. आज तेच शंखजिरे दळून, चाळून, पोत्यांत भरून प्लास्टिकच्या कारखान्यांत जाते, आणि मोटारगाडीत बसल्यावर आपल्यासमोर जो करडा वा काळा डॅशबोर्ड येतो, त्याच्या अनेक प्रकारांत ते शेकडा दहा-वीस या प्रमाणात मिसळलेले असते. ज्या पृष्ठभागावर ओरखडा म्हणून उमटू नये अशी गाडीच्या मालकाची पराकाष्ठेची इच्छा, त्यातच मोसच्या श्रेणीतले सर्वांत दुबळे खनिज कालवावे, हा व्यवहार वरकरणी विपरीत दिसतो खरा. पण त्याची चौकशी करू लागले म्हणजे ओरखडा या क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टीविषयीच्या आपल्या पुष्कळशा समजुती एकेक करून कोसळू लागतात.

पहिली गोष्ट ही की शंखजिऱ्याची नेमणूक तेथे ओरखड्याच्या कामावर झालेलीच नाही. बहुवारिकात, म्हणजे पॉलिमरमध्ये, परकी भुकटी मिसळण्याचा शिरस्ता प्लास्टिकइतकाच जुना आहे. लिओ बेकलंड याने १९०७ च्या सुमारास फिनॉल आणि फॉर्माल्डिहाइड यांच्या संयोगातून जे बेकेलाइट सिद्ध केले ते निव्वळ स्वरूपात ठिसूळ होते; त्यात लाकडाचा बारीक भुसा घातला तेव्हा कोठे विजेची बटने आणि टेलिफोनचे संच त्यातून घडविता येऊ लागले. मोटारीचे आरंभीचे टायर पांढुरके असत. ते काळे झाले ते काजळी मिसळल्यावर, आणि त्या काजळीने रबराचे आयुष्य अशा प्रमाणावर वाढविले की पांढऱ्या टायरांचा जमाना पाहता पाहता संपला. कारखान्यात या सगळ्या भुकट्या फिलर या एकाच नावाने ओळखल्या जातात. स्वस्त पूड घालून महाग माल वाढवायचा, यापलीकडे त्यांचा हेतू नसावा असा लोकांचा एक पूर्वग्रह आहे, आणि खुर्च्याबादल्यांत चुनखडीची पूड सढळ हाताने लोटणाऱ्या काही उत्पादकांच्या बाबतीत तो अगदीच निराधार म्हणता येणार नाही. परंतु हिशेब नीट मांडला तर चित्र पालटते. डॅशबोर्डचे मूळ प्लास्टिक जे पॉलिप्रोपिलीन, त्याची घनता सुमारे ०.९ आणि शंखजिऱ्याची २.७ च्या पुढे. तेव्हा शंभर किलो मिश्रणात वीस किलो शंखजिरे घातले, तरी आकारमानाने ते जेमतेम साडेसात टक्के जागा व्यापते, आणि साचा जो भरायचा असतो तो आकारमानाने भरायचा असतो. बचत होते, पण वजनाचे आकडे पाहून वाटते तितकी होत नाही. आणि केवळ बचतीसाठी एवढा खटाटोप मोटार-उत्पादकांनी मांडला नसता.

खरे कारण पॉलिप्रोपिलीनच्या प्रकृतीत आहे. कार्ल त्सीग्लरने शोधलेल्या उत्प्रेरकांचा माग घेत मिलान येथे जूल्यो नात्ता याने १९५४ साली हे बहुवारिक सुव्यवस्थित, स्फटिकमय स्वरूपात सिद्ध केले, आणि पुढे १९६३ च्या नोबेल पारितोषिकाचे ते दोघे समाईक मानकरी झाले. हलके, स्वस्त, आम्ल-अल्कांना दाद न देणारे असे हे द्रव्य; पण त्याचा ताठपणा बेताचा, उन्हात ते नरमते, साच्यात थिजताना वेडेवाकडे आकसते, आणि तापमान शून्य अंशाच्या आसपास उतरले की आघाताने तडकते. शेवटच्या दोषावर उपाय म्हणून त्यात रबराचे सूक्ष्म गोळे मिसळतात. रबर आले की ताठपणा आणखी घटतो. आणि तो भरून काढण्यासाठी शंखजिऱ्याला पाचारण केले जाते. शंखजिऱ्याचा कण चपटा, पत्र्यासारखा असतो, आणि साच्यात रस वाहताना हे पत्रे प्रवाहाच्या दिशेने पृष्ठभागाशी समांतर मांडले जातात. वीस टक्के शंखजिऱ्याने पॉलिप्रोपिलीनचा ताठपणा दीडपट ते दुप्पट होतो, आकुंचन कमी आणि समप्रमाण होते, उष्णतेत आकार टिकतो, आणि शिवाय त्या पत्र्यांच्या पृष्ठांवर पॉलिप्रोपिलीनचे स्फटिक लवकर धरतात म्हणून साचाही लवकर मोकळा होतो. इतकी कामे एकट्याने आणि स्वस्तात करणारा दुसरा नोकर मिळणे कठीण. ओरखड्याची तक्रार त्याच्यावर मागाहून आली.

आता ही तक्रार समजून घ्यायची तर लोखंडी किल्लीचे टोक प्लास्टिकवरून फिरते तेव्हा नेमके काय घडते, याचा तपशील पाहिला पाहिजे. काठिण्याच्या दृष्टीने ही झुंज आरंभापासूनच विषम आहे. पोलाद मोसच्या श्रेणीत साडेपाचाच्या घरात, रस्त्यावरच्या धुळीतले क्वॉर्ट्झचे कण सातव्या क्रमांकावर, आणि नेहमीची प्लास्टिके दोन-तीनच्या आसपास रेंगाळणारी. तेव्हा टोक आत शिरणार हे ठरलेलेच. प्रश्न इतकाच की ते गेल्यावर मागे काय उरते. भार अगदी अल्प असेल तर पृष्ठभाग दबतो आणि टोक पुढे सरकल्यावर पुन्हा वर येतो, कारण बहुवारिक हे स्थितिस्थापक आणि श्यान अशा दोन्ही वृत्तींचे द्रव्य आहे. दबलेले काही तात्काळ उसळते, काही सावकाश, तासा-दोन तासांनी, आणि काही कधीच नाही. भार वाढला की पृष्ठावरची बारीक नक्षी चेपून तेथे एक गुळगुळीत, चकचकीत पट्टा उमटतो. आणखी वाढला की टोक एकसारखे न सरकता अडखळत, सुटत, पुन्हा अडखळत जाऊ लागते, आणि त्याच्या मागे माशाच्या खवल्यांसारख्या अर्धचंद्राकार खुणांची माळ पडते. संशोधकांनी या अवस्थेला खवल्यांचेच नाव दिले आहे. सरतेशेवटी, नांगराचा फाळ शेतातून जाताना दोन्ही अंगांना माती चढावी तसा खोल चर पडून त्याच्या काठांवर द्रव्याचे बांध उभे राहतात आणि मधला काही अंश खरवडून निघतो. या सगळ्या प्रवासात टोकाच्या पुढे द्रव्यावर दाब असतो आणि टोकाच्या पाठीमागे ताण. द्रव्य दाब पुष्कळ सोसते. ताण सोसत नाही. ओरखड्यातली बहुतेक मोडतोड ही टोकाच्या पाठीमागे, त्या ताणाच्या अंमलाखाली होते, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे, कारण पुढचे सारे प्रकरण तिच्यावर उभे आहे.

निव्वळ पॉलिप्रोपिलीनमध्ये हा ताण द्रव्याच्या लवचिकपणात बराचसा विरून जातो. चर पडतो, पण त्याचा रंग भोवतालच्या रंगाहून फारसा निराळा नसतो. शंखजिऱ्याचे कण मध्ये आले की तसे राहत नाही. पॉलिप्रोपिलीन हे तेलकट वृत्तीचे हायड्रोकार्बन आणि कण हा खनिज सिलिकेटचा. दोघांत नैसर्गिक स्नेह असा काही नाही, केवळ शेजार आहे. टोकाच्या मागे ताण आला की बहुवारिक ताणले जाते, ताठ कण ताणला जात नाही, आणि दोघांमधली सांधणी सुटून कणाच्या कडेला एक सूक्ष्म पोकळी उघडते. शंखजिऱ्याच्या बाबतीत याहूनही एक वर्माची गोष्ट आहे. हे खनिज मॅग्नेशियमचा एक थर आणि त्याच्या वरखाली सिलिकेचे दोन थर अशा तिपदरी पानांचे बनलेले आहे. प्रत्येक पान विद्युतदृष्ट्या उदासीन असल्यामुळे दोन पानांना एकत्र बांधून ठेवणारे बल फार क्षीण असते. अंगाला लावायच्या पावडरीतला सुळसुळीत स्पर्श याच क्षीणपणातून येतो. त्यामुळे ताणाखाली कण केवळ बहुवारिकापासून सुटत नाही, तर तो स्वतःच पानापानांत फाटतो, आणि जेथे एक पोकळी व्हायची तेथे अनेक होतात.

या पोकळ्यांचा आकार मायक्रॉनच्या आसपासचा, म्हणजे दृश्य प्रकाशाच्या तरंगलांबीच्या जवळपास, आणि प्रकाश विखरायला याहून सोयीची रचना नाही. पॉलिप्रोपिलीनचा अपवर्तनांक सुमारे १.४९, शंखजिऱ्याचा १.५८ च्या आसपास. एवढ्या तफावतीने फारसे बिघडत नाही. पण पोकळीतल्या हवेचा अपवर्तनांक १. तेव्हा जेथे सांधणी सुटली तेथे प्रकाश दिशाहीन उधळला जातो आणि ती जागा पांढरी दिसू लागते. काळ्या डॅशबोर्डवर किल्ली लागली की जी पांढुरकी रेघ उठते, आणि जिच्यावर मालक बोट ओले करून घासत बसतो, ती बहुतांशी घाणीची नसते आणि नुसत्या खोलीचीही नसते. पृष्ठाखाली मायक्रॉनांच्या अंतरात झालेल्या फाटाफुटीची ती साक्ष असते. येथे एक चमत्कारिक निष्कर्ष निघतो, आणि माझ्या मते या विषयातला तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. शंखजिऱ्याने द्रव्य ताठ झाल्यामुळे टोक आत कमी शिरते, म्हणजे चराची खोली कमी होऊ शकते. आणि तरीही तो उथळ चर निव्वळ पॉलिप्रोपिलीनवरच्या खोल चरापेक्षा अधिक ठळक दिसतो. यंत्राने खोली मोजली तर फिलर घातलेला माल जिंकतो, डोळ्याने पाहिले तर हरतो, आणि गाडी विकत घेणारा माणूस डोळ्यानेच पाहत असतो.

म्हणूनच मोटार-उद्योगाने ज्या कसोट्या ठरविल्या त्यांत डोळ्याला अधिकृत स्थान आहे. पाच बोटांची म्हणून एक जुनी कसोटी आहे, तिच्यात निरनिराळ्या वजनांखाली दाबलेली पाच गोल टोके एकाच वेळी नमुन्यावरून ओढतात आणि उमटलेल्या रेघांची प्रतवारी परीक्षक नजरेने लावतो. दुसरी अधिक शिस्तशीर आहे: एक मिलिमीटर व्यासाचे गोलाकार टोक, त्याच्यावर दहा न्यूटनचा, म्हणजे साधारण एक किलो वजनाइतका भार, आणि दोन-दोन मिलिमीटर अंतराने उभ्या-आडव्या रेघांची जाळी, ती काढून झाली की वर्णमापक यंत्राने त्या जागेची उजळता आधी किती होती आणि नंतर किती झाली यांतला फरक मोजायचा. फरक अल्प तर माल उत्तीर्ण. या कसोटीला चराच्या खोलीशी काही कर्तव्य नाही, हे उघड आहे. पुढे, विशेषतः टेक्सासमधील विद्यापीठीय संशोधनातून, टोकावरचा भार सरकता सरकता क्रमाने वाढवत नेण्याची पद्धत रूढ झाली आणि ती आंतरराष्ट्रीय मानकांतही गेली. तिच्यात पांढरेपणा कोणत्या भाराला सुरू झाला, खवले कोणत्या भाराला पडले आणि खरवड कोणत्या भाराला निघाली, हे एकाच रेघेवर वाचता येते. शास्त्राच्या दृष्टीने ही पद्धत निःसंशय सरस आहे. मात्र खरेदीच्या करारांत जुन्या जाळीचे आणि पाच बोटांचे वर्चस्व पुष्कळ ठिकाणी अद्याप टिकून आहे, आणि पुरवठादाराचा जीव ज्या कसोटीत अडकलेला असतो तीच कसोटी त्याचा फिलर ठरविते.

मग मृदू शंखजिरे काढून कठीण खनिज का घालू नये, असा प्रश्न सहज येतो. तसे करतातही. वोलॅस्टोनाइट हे कॅल्शियमचे सिलिकेट, ज्याच्या भारतातील खाणी प्रामुख्याने राजस्थानात आहेत, मोसच्या श्रेणीत साडेचार ते पाचाच्या दरम्यान बसते. त्याचे कण सुईसारखे असून शंखजिऱ्यासारखे पानापानांत फाटत नाहीत. सारख्याच प्रमाणात घातले असता वोलॅस्टोनाइटचा माल ओरखड्याच्या कसोटीत सामान्यतः उजवा ठरतो. परंतु हा लाभ त्याच्या काठिण्याचा आहे असे मानण्याची घाई करू नये. किल्लीच्या टोकाच्या मानाने हे कण इतके बारीक आणि संख्येने इतके अधिक असतात की टोक एकट्यादुकट्या कणाशी झुंजत नाही. ते बहुवारिक आणि कण यांच्या समुदायाला एकदम रेटते, आणि त्या समुदायाची कमजोर जागा कणाच्या पोटात नसून कडेला असते. सुईचे पान सुटत नाही हा तिचा एक गुण. आणि तिच्यावर सिलेन नावाच्या सेतुद्रव्याचा लेप चढविला तर ती बहुवारिकाला घट्ट धरते, हा दुसरा. सिलेनच्या रेणूचे एक टोक खनिजाशी आणि दुसरे सेंद्रिय द्रव्याशी नाते जोडते. पॉलिप्रोपिलीनपुरती आणखी एक तजवीज असते: मॅलेइक ॲनहायड्राइडचे गट कलम केलेले थोडे पॉलिप्रोपिलीन मिश्रणात घालायचे, म्हणजे त्या गटांच्या मध्यस्थीने खनिज आणि बहुवारिक यांची सोयरीक जमते. सांधणी पक्की झाली की पोकळी उघडायला अधिक ताण लागतो, आणि पांढरेपणा अधिक भारापर्यंत पुढे ढकलला जातो. तेच काम कण बारीक केल्यानेही काही अंशी होते, कारण लहान कणाच्या कडेची सांधणी सोडवायला मोठ्या कणापेक्षा अधिक ताण लागतो आणि सुटली तरी पोकळी लहान राहते. शंखजिरे सोडवत नसेल त्याने निदान ते अधिक बारीक दळलेले घ्यावे, हा या धंद्यातला सर्वांत स्वस्त उपाय आहे.

कठीण फिलरला विरोध करणारा एक पक्षकार मात्र कारखान्यातच बसलेला असतो, तो म्हणजे यंत्र. मिश्रण कालविणारा मळसूत्री दांडा आणि त्याभोवतीचे नळकांडे पोलादाचे. काचतंतू किंवा क्वॉर्ट्झची पूड त्यांतून दिवसरात्र जाऊ लागली की ती पोलादालाच खात सुटते, आणि साच्यांच्या कडाही झिजतात. शंखजिरे यंत्राला अपाय करीत नाही. उत्पादन-व्यवस्थापकाची शंखजिऱ्यावरची मर्जी पुष्कळदा याच कारणाने असते, आणि ती अनाठायी आहे असे म्हणवत नाही.

या सर्व खटपटींना बगल देऊन जाणारा एक उपाय मोहरीच्या कुळातून येतो. मोहरीच्या आणि रेपसीडच्या पारंपरिक वाणांच्या तेलात बावीस कार्बन अणूंचे इरुसिक नावाचे मेदाम्ल मोठ्या अंशाने असते. त्यापासून इरुकामाइड नावाचे मेणचट द्रव्य तयार होते. ते पॉलिप्रोपिलीनमध्ये अर्धा टक्का किंवा त्याहूनही कमी घातले तर वितळलेल्या रसात विरघळते, पण रस थिजल्यावर त्याला आत थारा मिळत नाही आणि काही तासांत-दिवसांत ते पृष्ठभागावर येऊन तेथे एक अदृश्य वंगणाचा थर धरते. टोक घसरू लागते, घर्षण कमी होते, आणि घर्षण कमी झाले म्हणजे टोकाच्या पाठीमागचा तो घातक ताण कमी होतो. सांधणी होती तेवढीच दुबळी राहूनही वाचते. फिलर बदलून जे साधत नाही ते कित्येकदा या चिमूटभर द्रव्याने साधते. पण त्याचेही लचांड आहेच. बंद गाडी उन्हात उभी राहिली की डॅशबोर्डचे तापमान सत्तर अंशांच्या आसपास सहज जाते. त्या उष्णतेत वंगण अधिक प्रमाणात बाहेर येते, पृष्ठ चिकट होते, त्यावर धूळ बसते, काही अंश उडून समोरच्या काचेच्या आतल्या बाजूस धुरकट पडदा धरतो, आणि त्या भागावर रंग वा चिकटद्रव्य लावायचे असल्यास ते धरत नाही. म्हणून अलीकडे अतिदीर्घ रेणूंची सिलिकोन-द्रव्ये वापरण्याकडे कल आहे. ती आकाराने इतकी थोर असतात की पृष्ठाजवळ राहूनही भटकत नाहीत. ती महाग पडतात, एवढाच त्यांच्यावर आक्षेप.

डॅशबोर्ड सोडून दुसऱ्या इलाख्यात गेले की फिलरची वागणूक पार बदलते, आणि त्यासाठी मला दंतवैद्यकाचा दाखला सर्वांत बोलका वाटतो. दातातील खड्डे बुजविण्यासाठी पांढरे मिश्रण वापरण्याची जी पद्धत आज सर्वत्र आहे तिचा पाया अमेरिकन दंतवैद्य राफाएल बोवेन याने घातला. त्याच्या रेझिनचे पेटंट १९६२ सालचे आहे. एकटे रेझिन चघळण्याच्या झिजेपुढे टिकणारे नव्हते, म्हणून त्याने त्यात क्वॉर्ट्झजातीय पूड भरली, आणि तिच्यावर सिलेनचा लेप चढविला. येथे खनिजाचे प्रमाण वजनाने सत्तर-पंचाहत्तर टक्क्यांपर्यंत जाते. म्हणजे रेझिन हेच अल्पसंख्य. सुरुवातीचे कण मोठे, कित्येक मायक्रॉनांचे असत, आणि त्यांनी एक नवीच अडचण उभी केली. ब्रशवरच्या दंतमंजनातील घासणारे कण त्या मोठ्या कणांच्या मधल्या जागेत मावत आणि तेथले मऊ रेझिन तेवढे खाऊन टाकीत. कठीण कण उघडे पडून वर डोकावत, आणि आधार गेल्यावर एके दिवशी मुळासकट उपटून जात. पृष्ठ खरखरीत होई, त्यावर चहा-कॉफीचे डाग धरत, आणि कितीही घासून चकाकी आणली तरी ती टिकत नसे. कणाचे काठिण्य निर्विवाद होते. ते कामास आले नाही.

त्यावर उपाय म्हणून कण एकदम चाळीस नॅनोमीटरांच्या आसपासचे घेतले. पृष्ठ आरशासारखे झाले, कारण निसटलेला कण इतका लहान की त्याच्या खड्ड्याची दखल प्रकाश घेत नाही. पण इतक्या बारीक पुडीचे एकूण पृष्ठफळ अफाट असते. तिला ओले करण्यातच रेझिन संपते, मिश्रण घट्ट होऊन बसते, पूड पुरेशी भरता येत नाही आणि दाढेच्या दाबाखाली भराव मोडतो. शेवटी लहान-मोठे कण एकत्र घालण्याचा मध्यममार्ग निघाला, मोठ्यांच्या फटीत लहान बसावेत अशा बेताने. मऊ रेझिनची उघडी जागा जितकी अरुंद, तितका घासणाऱ्या कणाला शिरकाव कमी. आजचे बहुतेक दंतभराव याच वंशातले आहेत. त्यांचा शत्रू आता वेगळा आहे: लाळेतले पाणी वर्षानुवर्षे सिलेनच्या सेतूवर काम करीत राहते आणि तो हळूहळू तोडते.

चष्म्याच्या प्लास्टिक भिंगात तर फिलर दिसताच कामा नये, ही पहिली अट. पॉलिकार्बोनेट आघातापुढे अत्यंत चिवट, पण ओरखड्याच्या बाबतीत नाजूक. धुळीच्या रुमालाने पुसले तरी त्यावर केसासारख्या रेघा पडतात. म्हणून त्याच्यावर काही मायक्रॉन जाडीचा सिलिकोन-जातीचा कठीण लेप देतात आणि त्या लेपात सिलिकाचे दहा-वीस नॅनोमीटरांचे कण विखुरलेले असतात. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी चारशे ते सातशे नॅनोमीटर. कण तिच्या दशांशाहून लहान असले की प्रकाश त्यांच्याकडे दुर्लक्ष करून आरपार जातो. अट एवढीच की कण सुटे राहिले पाहिजेत. त्यांचे पुंजके झाले की प्रकाशाच्या लेखी तो एकच मोठा कण होतो, भिंग धुरकट होते, आणि ओरखड्याच्या वेळी फाटाफूट त्या पुंजक्यापासून सुरू होते. टोयोटाच्या संशोधनशाळेत नायलॉनमध्ये मॉन्टमोरिलोनाइट मातीची एक-एक नॅनोमीटर जाडीची पाने सुटी करून मिसळण्यात यश आले, आणि पाच टक्क्यांहून कमी मातीने द्रव्याचा ताठपणा लक्षणीय वाढला. त्यानंतर नॅनो-फिलर हा ओरखड्यावरचा रामबाण म्हणून पुष्कळ गाजावाजा झाला. नायलॉन ध्रुवीय असल्यामुळे माती त्यात रमते, पॉलिप्रोपिलीनमध्ये तितकी रमत नाही. तेथे पाने सुटी होण्याऐवजी गठ्ठ्यांनी राहतात, आणि गठ्ठा राहिला की जुन्या शंखजिऱ्याच्याच तक्रारी नव्या नावाने दाखल होतात. नॅनो या उपपदावर व्यापारी जाहिरातींनी जेवढा विश्वास टाकला तेवढा प्रयोगशाळांनी टाकलेला नाही, आणि मला प्रयोगशाळांचा पक्ष बरोबर वाटतो.

काठिण्याला त्याचा पुरता मान मिळतो अशी एक जागा मात्र आहे, ती म्हणजे घरातल्या जमिनीवर बसविण्याचे लॅमिनेट. टेबलावरच्या सनमायकाप्रमाणेच त्याच्याही वरच्या अंगाला मेलामाइन रेझिनात भिजविलेले कागद असतात. पण जमिनीवर बुटांखाली वाळू येते, आणि वाळू म्हणजे क्वॉर्ट्झ. तिच्याशी सामना करायचा तर मोसच्या श्रेणीत तिच्या वरचेच खनिज लागते, म्हणून सर्वांत वरच्या पारदर्शक कागदात ॲल्युमिनाचे, म्हणजे नवव्या क्रमांकावरच्या कुरुविंदाच्या जातीचे, कण घालतात. मेलामाइन स्वतः ताठ आणि आडव्या बंधांनी जखडलेले असल्यामुळे ते कणांना धरून ठेवते, वाळूचा दाणा कणावर आपटून बोथट होतो, आणि नक्षी वाचते. परंतु हे पत्रे ज्या चकचकीत पोलादी पाट्यांखाली दाबून तयार होतात, त्या पाट्यांवरच ॲल्युमिनाचे कण ओरखडे पाडतात, आणि एकदा पाटी खराब झाली की तिचा प्रत्येक ओरखडा पुढच्या प्रत्येक पत्र्यावर उमटतो. म्हणून कारखानदारांनी कठीण कण असलेली बाजू पाटीकडे न ठेवता आत, नक्षीकडे वळविण्याची, किंवा कणांच्या वर निर्भेळ रेझिनचा एक पातळ थर राखण्याची युक्ती काढली. त्या वरच्या थरावर बारीक रेघा पडतात आणि चकाकी थोडी उतरते. खालचा ॲल्युमिना गाठेपर्यंत झीज चालू राहते, आणि तेथे पोचल्यावर तिचा वेग एकदम मंदावतो.